गोपिकाबाईंचा ट्रान्सफॉर्मर

सत्याऐंशी सालच्या पोळ्याच्या सुमारास गांधीबागेतल्या बापूजींनी देवरावला निरोप पाठवून बोलावून घेतलं. देवराव टीव्ही मेकॅनिक. केळीबाग रोडवर त्याचं दुकान होतं, म्हणजे तीन पायऱ्या चढून जायची एक दहा बाय सहाची खोली. मूळचा तो उमरेडकडच्या खेड्यातला. आठवीनंतर शाळा सुटली आणि नागपूरला येऊन रेडिओच्या कामात पडला तो पडलाच. हात मात्र असा बसला होता, की दुसऱ्यांनी नाद सोडलेले सेट शेवटी त्याच्याकडे यायचे. नडायचं ते एकाच ठिकाणी, इंग्रजीपाशी. आकडे, खुणा, पार्टांची नावं त्याला ओळखू यायची. सलग वाक्य समोर आलं की डोळे नुसते पुढं सरकत जायचे आणि डोक्यात काही शिरायचं नाही. हे त्यानं बायकोखेरीज कोणाला कळू दिलं नव्हतं. दुकानात येणाऱ्यांना दिसतील अशी चार जाड इंग्रजी पुस्तकं त्यानं फळीवर मांडून ठेवली होती.

बापूजी कापडाचे जुने व्यापारी. दुकान मुलाच्या हाती देऊन दोन वर्षं झाली होती. रोज दुपारी ते आणि त्यांचे शेजारी वामनराव बुद्धिबळाचा डाव मांडायचे. उन्हाळ्यात वामनराव गेले, आणि त्या दिवसापासून पट कपाटावर जाऊन पडला.

"देवराव," बापूजींनी त्याला गादीवर बसवून विचारलं, "बुद्धिबळ खेळणारं कॉम्प्युटर असते म्हणतात. टीव्हीवर पट दिसते, आपण चाल सांगतली का ते उलटी चाल देते. तुले बनवता येईन का गा?"

कॉम्प्युटर देवरावनं फक्त वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिला होता.

"येईन ना बापूजी," तो म्हणाला. "त्यात काय आहे!"

बापूजींचा भाचा मुंबईला होता. अख्खं यंत्र मिळणं जड होतं, पण बटणांसकट नुसता बोर्ड मिळवून देतो, असं त्यानं कळवलं. बाकी सगळं इथंच जमवायचं होतं. चित्र दिसायला टीव्ही हवा होता. खेळ कॅसेटमध्ये भरलेला यायचा, म्हणून तो बोर्डाला ऐकवायला टेपरेकॉर्डर हवा होता. आणि बोर्डाला लागणारी वीज देणारा सप्लाय हवा होता. बोर्ड दसऱ्यापर्यंत येणार होता. त्याआधी भाच्यानं त्याच्या माहितीच्या चार पानांची झेरॉक्स टपालानं धाडली.

ते चार कागद घेऊन देवराव दुकानात बसला. आकडे त्याला बरोबर कळले. नऊ व्होल्ट, दीड अँपियर. टीव्हीच्या चॅनेलचा आकडा पाहून तो थोडा वेळ अडला, कारण इकडच्या सेटांत तो चॅनेलच नव्हता. मग त्यानं ठरवलं, की बोर्डातून चित्राची तार वेगळी काढून सरळ टीव्हीच्या पोटात न्यायची. त्यासाठी कोणता सेट धरायचा यावर त्यानं आठ दिवस घातले. पुष्कळ सेटांच्या आतल्या पत्र्यावर घरातली वीज उतरते. तसल्याला बोर्ड जोडला तर बोर्डही जायचा आणि बापूजीही. म्हणून बॅटरीवर चालणारा चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट सेट त्यानं सदर बाजारातून शोधून आणला. टेपरेकॉर्डर तीन पाहिले. त्यातल्या दोनांचा आवाज थरथरायचा. तिसऱ्याचं हेड स्पिरिटनं पुसून, स्क्रू फिरवून त्यानं असं लावलं, की कॅसेटमधली बारीक शिट्टीही स्वच्छ ऐकू यावी. हे करताना तो इतका रंगला होता, की जेवायचा डबा संध्याकाळी तसाच घरी परत जायचा.

सप्लायच्या कागदावर एक बारीक चित्र होतं. गोल, मधे ठिपका, ठिपक्यातून निघालेली रेघ आणि रेघेच्या टोकाशी एक छोटी आडवी खूण. शेजारी इंग्रजीत दीड ओळ. देवरावला ती खूण रेघेचाच भाग वाटली. आजवर त्यानं जोडलेल्या पिनांत आतल्या टोकाला प्लस असायचा आणि बाहेरच्या कड्याला मायनस. इथंही तसंच असणार.

ट्रान्सफॉर्मर त्यानं गोपिकाबाईंकडून करून घेतला.

गोपिकाबाई जुन्या शुक्रवारीत राहायच्या. त्यांचा नवरा विजेच्या मोटरींचं वाइंडिंग, म्हणजे तार गुंडाळायचं काम करायचा. तो गेल्यावर त्याचं हातानं फिरवायचं यंत्र बाईंनी ओट्यावरून खाली घेतलं आणि चार महिन्यांत शिकून घेतलं. इतवारीतला रुपराव नावाचा दुकानदार व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवून विकायचा. त्याचे सगळे ट्रान्सफॉर्मर त्या गुंडाळायच्या. बाई बोलायला कमी. तार गुंडाळताना कोणी आलं तर हात थांबवायच्या नाहीत, नुसती मान हलवून बस म्हणायच्या.

"नऊ व्होल्ट, दोन अँपियरचा करा," देवरावनं सांगितलं. "जरा जास्तीचाच बरा. कॉम्प्युटरसाठी आहे."

"कॉम्प्युटर?" बाईंनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "माह्या हातचा ट्रान्सफॉर्मर कॉम्प्युटरले लागून राहिला? मंग तार नवीनच घेतो, भाऊ. जुनी नाही वापरत."

दसऱ्याच्या सकाळी बोर्ड आला. भाचा स्वतः घेऊन आला होता. देवरावनं तो आधी दुकानात नेऊन तपासायची परवानगी मागितली, पण बापूजींनी साफ नाही म्हटलं. "यंत्राची पूजा आजच होते. माह्या घरीच चालू होईन, माह्यासमोर."

दिवाणखान्यात पाट मांडला होता. टीव्ही, टेपरेकॉर्डर, सप्लाय, बोर्ड, सगळ्यांना झेंडूची फुलं वाहिलेली. शेजारपाजारचे दहाबारा जण जमले होते. हळदीकुंकवाचं बोट बोर्डाकडे निघालं तेव्हा देवरावनं ते मधेच अडवून टीव्हीच्या लाकडी पेटीवर वळवलं आणि सगळे हसले. बापूजींची सून इंदुताई आपट्याची पानं घेऊन आत आली. लग्नाआधी ती बी. एस्सी. झाली होती. तिनं पाटाजवळचे चार कागद उचलले.

"देवरावभाऊ, एकदा वाचून देऊ का?" ती हळूच म्हणाली. "तुम्ही जोडत जा, मी सांगत जाते."

सगळे ऐकत होते. देवरावच्या कानशिलाला ऊन लागल्यासारखं झालं.

"काहून ताई? आमचं रोजचंच आहे हे," तो म्हणाला आणि पिन बोर्डात खुपसून बटण दाबलं.

टीव्हीचा पडदा पांढरा झाला, खरखरला, आणि तसाच राहिला. पाचसहा सेकंदांनी बोर्डाच्या कडेच्या फटीतून जळक्या रबराचा वास आला. देवरावनं पिन उपसली. पिन हातात असताना त्याची नजर इंदुताईच्या हातातल्या कागदावर गेली. कागद तिनं त्याच्याकडेच धरला होता. गोल, मधला ठिपका, रेघ, आणि ती आडवी खूण. ती मायनसची खूण होती. आत मायनस होता.

त्याला एका क्षणात सगळं कळलं. चूक कोणाची, कशी, किती साधी, सगळं.

"काय झालं गा?" बापूजींनी विचारलं. "काय जळलं?"

पुढं पुष्कळ वर्षं देवराव त्या क्षणापाशी येऊन थांबायचा. विचार करायला वेळ मिळाला असता तर आपण खरं बोललो असतो, असं तो स्वतःला समजावायचा, आणि लगेच त्याला आठवायचं, की वेळ होता. त्यानं खिशातून रुमाल काढला, पिन पुसली, सप्लायची पेटी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. एवढं सगळं केलं आणि मग म्हणाला, "ट्रान्सफॉर्मरनं दगा दिला, बापूजी. वाइंडिंग चुकलं दिसते. जास्तीचं करंट सोडलं."

"कोणी बनवला?"

"जुन्या शुक्रवारीत एक बाई आहे. गोपिकाबाई."

"बाईकडून काहून बनवलं गा असलं नाजूक काम?" बापूजी कळवळून म्हणाले. त्यांनी देवरावला एका शब्दानं बोल लावला नाही. उलट सोनं देऊन, पाठीवर हात ठेवून निरोप दिला. इंदुताईनं कागद घडी करून टीव्हीखाली सरकवले आणि ती आत निघून गेली.

बापूजींची बैठक मोठी. जो येईल त्याला ते सांगायचे, की मुंबईहून आणलेला बोर्ड एका बाईच्या चुकीच्या ट्रान्सफॉर्मरनं कसा जळला. इतवारीत हे पोचायला आठवडाही लागला नाही. दिवाळीच्या तोंडावर पार्ट घ्यायला देवराव रुपरावच्या दुकानी गेला तेव्हा रुपराव आपणहून म्हणाला, "बरं झालं माहीत पडलं. माह्या स्टॅबिलायझरनं कोणाचा फ्रीज जळला असता तर? मी आता बाहेरून तयार माल आणून राहिलो."

देवरावनं मान डोलावली. घ्यायचे होते ते कपॅसिटर न घेताच तो बाहेर आला.

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी सकाळी गोपिकाबाई दुकानात आल्या. पायऱ्या चढून त्या कधी आल्या नव्हत्या; काम असलं की देवरावच जायचा. आदल्या दिवशी त्या बापूजींकडून तो ट्रान्सफॉर्मर मागून घेऊन आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी लोखंडी पट्ट्यांचा गठ्ठा, ज्यावर तार गुंडाळतात ते रिकामं फॉर्मर आणि तारेची दोन मोठी वेटोळी काढून काउंटरवर ठेवली.

"पूर्ण उकलला, भाऊ," त्या म्हणाल्या. "एकेक वेढा मोजला. वहीत लिहिले तेवढेच निघाले. मले वाटलं मीच चुकीचं मोजलं, म्हणून पुन्हा गुंडाळून आणखी दोनदा मोजले. तेवढेच. तारेवरचा रंग कुठं उडाला म्हणावं तर तेही नाही, भिंग लावून पाहिलं. मंग चुकलं कुठं, ते तुमी सांगा. मी सुधारतो. पण चूक माहीत पडल्याशिवाय सुधारू कशी?"

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्या खरंच शिकायला आल्या होत्या. रागावून आल्या असत्या तर देवरावला बरं वाटलं असतं.

तो त्या वेटोळ्यांकडे पाहत राहिला. नवी तार, तांबूस, कुठं एक डाग नाही. आत्ता सांगावं. दुकानात कोणी नाही. दोन वाक्यांचं काम.

"कागद पातळ पडला असन, बाई," तो म्हणाला. "दोन थरांच्या मधला."

"कागद?" त्यांनी बोटानं फॉर्मर चाचपलं. "हो. तसं होऊ शकते. मी एकच लावतो. आता दोन लावीन." त्यांनी सगळं पुन्हा पिशवीत भरलं. जाताना म्हणाल्या, "सांगतलं ते बरं केलं, भाऊ. बाकी कोणी काही सांगतच नाही."

त्या दिवशी देवरावनं दुकान दुपारीच बंद केलं आणि घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. बायकोनं विचारलं, ताप आहे का. तो हो म्हणाला.

मग तो जुन्या शुक्रवारीचा रस्ताच टाळायला लागला. एकदा जावं लागलं तेव्हा बाईंच्या दाराशी त्याची सायकल आपोआप मंदावली. यंत्र चालू नव्हतं. बाई उंबऱ्यात बसून कागदाच्या पट्ट्या कापत होत्या आणि एकावर एक रचत होत्या. कोणाचं काम होतं कोणास ठाऊक. बहुतेक कोणाचंच नव्हतं. त्याला पाहून त्यांनी नेहमीसारखी मान हलवली. देवराव घाई असल्याचं दाखवून पुढं गेला. कोपऱ्यावर पोचल्यावर मात्र त्याला पायडल मारवेना. तो उतरला आणि सायकल हातात धरून चालत गेला.

डिसेंबर सरता सरता एका सकाळी तो बापूजींकडे गेला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत दहादा घोकलं होतं. दिवाणखान्यात बापूजी वर्तमानपत्र वाचत होते, इंदुताई दारात तांदूळ निवडत होती. बस म्हटल्यावरही देवराव उभाच राहिला.

"बापूजी, तो बोर्ड मी जाळला," तो म्हणाला. "ट्रान्सफॉर्मर चांगला होता. मी पिन उलटी जोडली. कागदावर लिहिलेलं होतं, मले वाचता नाही आलं. मले इंग्रजी येत नाही."

बापूजींनी चष्मा काढला. वर्तमानपत्राची घडी करून बाजूला ठेवली.

"हे तुले कवा समजलं?"

"त्याच वेळी."

"त्याच वेळी! आणि मी तीन महिने त्या बाईचं नाव साऱ्या गांधीबागेत घेऊन राहिलो?" बापूजींचा आवाज चढला. "बोर्डाचं सोड गा, बोर्ड दुसरा येईन. माह्या तोंडातून तू खोटं वदवलं, देवराव. मले खोटारडं केलं."

देवराव खाली पाहत उभा होता. तेवढ्यात दारातून इंदुताई म्हणाली, "बाबा, मलाही माहीत होतं."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे हात तांदळातच होते.

"त्याच दिवशी कागद वाचला मी. वाटलं, देवरावभाऊ आपणच सांगतील उद्या-परवा. सगळ्यांसमोर मी कशी बोलणार होते? मग दिवस गेले, आणि मग बोलायची लाज वाटायला लागली." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ती बाई ट्रान्सफॉर्मर मागायला आली, तेव्हा मीच तो तिच्या हातात दिला."

देवरावला आतापर्यंत वाटत होतं, की त्याची चोरी त्याच्या एकट्याची आहे. ती दसऱ्यापासून या घरात कोणाच्या तरी छातीवर बसून आहे, हे ऐकून त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बापूजी उठले. जोडे घातले, टोपी चढवली. "चाल," ते म्हणाले. "जिथं जिथं मी बोललो तिथं तिथं तू सांगशीन. माह्यासमोर."

दोघं आधी इतवारीत गेले. रुपरावच्या दुकानात चार गिऱ्हाइकं होती. देवरावनं त्या सगळ्यांसमोर सांगितलं. रुपराव आधी हसला, मग बापूजींचं तोंड पाहून त्यानं हसू आवरलं. "आता सांगून काय फायदा?" तो म्हणाला. "बाई तर हिंगण्याले लागली. एका कारखान्यात वाइंडिंग खात्यात. मागच्या सोमवारपासून."

जुन्या शुक्रवारीत बाईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, सकाळी साडेसहाला कंपनीच्या बसनं जातात. बापूजी म्हणाले, "हे तुझं तू कर. इथं मी येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवराव बसच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. थंडी होती. कामगार मफलर गुंडाळून शेकोटीभोवती उभे होते. गोपिकाबाई डबा घेऊन आल्या, त्याला पाहून थबकल्या.

"काय झालं, भाऊ? इतक्या सकाळी?"

त्यानं सांगितलं. काही लपवलं नाही. कागदाची थाप होती, हेही सांगितलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. राग आला की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, "मी तीनदा मोजले होते, भाऊ. तिसऱ्या वेळेस तेवढेच निघाले, तवा मले वाटलं का मले आता मोजताच येत नाही. माहं डोकं फिरलं वाटलं. कारखान्यात परीक्षा घेतली, तर एकेक वेढा बोटानं पुन्हा-पुन्हा मोजत होतो मी. तो साहेब म्हणाला, बाई, चांगलं तर आहे, घाबरता काहून?" त्या थांबल्या. "तवापासून रोज दोन-दोन कागद लावून राहिलो मी. तो साहेब म्हणते, दोन कशाले. मी म्हणतो, आमच्याकडच्या एका मोठ्या कारागिरानं सांगतलं."

देवरावनं हात जोडले.

"हात नका जोडू, लोक पाहून राहिले," बाई म्हणाल्या. बस आली. त्या चढल्या आणि खिडकीपाशी बसल्या, पण त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

देवरावनं पेट्रोल परवडत नाही म्हणून घरी उभी असलेली आपली लुना विकली आणि दुसरा बोर्ड मागवला. या वेळी चारही कागद इंदुताईनं मोठ्यानं वाचले, बापूजींसमोर. देवराव प्रत्येक ओळीला "पुन्हा एकदा" म्हणायचा. गुढीपाडव्याच्या आधीच यंत्र चालू झालं. कॅसेट पाच मिनिटं किंचाळली आणि टीव्हीवर पट उमटला. पहिल्याच डावात बापूजी हरले आणि लहान पोरासारखे टाळ्या वाजवायला लागले. शेजारी म्हणाले, नागपुरात असं घरी बनवलेलं कॉम्प्युटर दुसरं नसेल. देवरावच्या पाठीवर थापा पडल्या. त्यानं स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकला आणि चहा न घेताच निघाला.

गोपिकाबाई त्या कारखान्यात टिकल्या. दोन वर्षांत त्यांच्या हाताखाली नव्या मुली द्यायला लागले, आणि पुढं त्यांनी नंदनवनकडे घरही बांधलं. त्यांनी देवरावशी बोलणं टाकलं नाही. रस्त्यात भेटल्या तर मान हलवायच्या. पण पुन्हा कधी त्याच्या दुकानाच्या पायऱ्या चढल्या नाहीत, आणि यानंही त्यांना कधी बोलावलं नाही.

लोकांना ही गोष्ट माहीत झालीच होती. कोणी कोणी समजूत काढायचं. रुपराव तर नेहमीच म्हणायचा, "पाहा देवराव, तू खोटं बोलला नसता तर ती बाई अजून दारात बसून माहेच ट्रान्सफॉर्मर गुंडाळत राहिली असती. तुझ्यानंच तिचं भलं झालं गा."

हे ऐकलं की देवराव हातातलं काम खाली ठेवायचा.

"नाही," तो म्हणायचा. "भलं तिनं केलं. मी फक्त तिले तीनदा मोजाले लावलं."

आणि मग बराच वेळ त्याला पुन्हा काम सुचायचं नाही.